खान कसा बोलतो?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ मागे पडलं की आमचं किकवी येतं. तालुका भोर. गाडीतल्या माणसाला ते दिसतं न दिसतं तोच सारोळा येतो, नीरेचा पूल येतो आणि पुणे जिल्हा संपतो. आम्ही इथले मुलाणी. दादा-परदादांचा गावकीत मान होता, जत्रेत वाटा होता. अब्बा शिलाई मशीन चालवायचे. गावातल्या निम्म्या लग्नांतले नवरदेव त्यांच्या हातचे कपडे घालून बोहल्यावर चढले आहेत.

माझं शिक्षण मात्र उर्दूतून झालं. पाचवीपासून पुण्यात नानीकडे राहून मी उर्दू शाळेत शिकले. पुढे बी.एड. केलं आणि आता पुण्यातच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. धाकटा भाऊ गावच्या मराठी शाळेत शिकला. एकाच घरात दोन माध्यमं कशी, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर साधं आहे. नानीच्या घरात एकाच नातवंडापुरती जागा होती.

२००५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. भाऊ सातवीत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात अफजलखानवधाचा प्रवेश बसवायचं ठरलं. सरांनी वर्गात विचारलं, "खान कोण होणार?" कोणी काही बोलायच्या आत सगळा वर्ग मागे वळून माझ्या भावाकडे बघू लागला. त्यात कोणाच्या मनात पाप नव्हतं. सरही भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "तुमची भाषाच आहे ती, तुला सोपं जाईल. खानासारखं बोलायचं बघ, रुबाबात."

भाऊ उड्या मारत घरी आला. आणि मग खरी अडचण उभी राहिली. त्याने अब्बांना विचारलं, "अब्बा, खान कैसे बोलता?"

अब्बांनी मशीनवरून मान वर केली. "मेरेकू क्या मालूम रे? मैं कायकू खान?"

दादी म्हणाली, "बच्ची शनिवार कू आयेगी, उसकू पूछ."

ती बच्ची म्हणजे मी. नववीत होते आणि उर्दू शाळेत शिकत असल्यामुळे घरातली पंडिता. मी भावाला तपासलं तर त्याला 'ख़ान'मधला 'ख़'सुद्धा म्हणता येत नव्हता. गुळण्या करताना घशातून येतो तसा आवाज काढ, असं सांगून त्याला मोरीवर उभं केलं. पण नुसत्या 'ख़'ने रुबाब येईना. शेवटी कापूरहोळच्या बाजूच्या एका दुकानातून 'मुगल-ए-आझम'ची सीडी भाड्याने आणली. दोन रात्री आम्ही ती पुन्हा पुन्हा लावली. पृथ्वीराज कपूर पाऊल कसं टाकतात, वाक्याच्या शेवटी आवाज कसा खाली नेतात, हे मी भावाला शिकवलं. विजापूरच्या सरदारात आम्ही आग्र्याचा बादशहा बसवला. इतिहासाच्या दृष्टीने ते किती चुकीचं होतं, हे तेव्हा मलाही कळत नव्हतं आणि सरांनाही खटकलं नाही.

भावाला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. दादीने त्यात वर्षभर सुपारी ठेवली.

आज वीस वर्षांनी मला वाटतं, त्या दोन रात्रींत आमच्या घरात काय घडत होतं हे आपण सगळ्यांनीच कधीतरी नीट पाहायला हवं. मुलाण्याच्या घरातला एक मुलगा, मुसलमान कसा बोलतो हे सिनेमा पाहून शिकत होता.

'मुगल-ए-आझम' १९६० सालचा. २००४ मध्ये तो रंगीत होऊन पुन्हा झळकला. माझी दादी तो तरुणपणी पुण्यात थिएटरला पाहून आली होती. आयुष्यात तिने मोजके सिनेमे पाहिले, त्यातला हा एक. तिला विचारलं तर मधुबालाचं कौतुक भरभरून सांगायची. पण बादशहा काय म्हणाला हे विचारलं की हसायची. निम्मं समजलंच नव्हतं. दादी मराठी चौथी शिकलेली. कुराण अरबीतून वाचायची, पण उर्दू लिपी तिला येत नव्हती. घरात बोलायची ती आमची दख्खनी. 'मेरेकू नको', 'उनो आये नै', 'कायकू रोती गे', असली. निम्मे शब्द मराठी, क्रियापदं हिंदी आणि हेल सगळा मावळचा. ही भाषा दादीला आली, अम्मीला आली, आम्हालाही आली. पण पडद्यावर ती कधी ऐकली नाही.

त्या काळातले मुस्लिम वातावरणाचे सिनेमे मी पुढे एकेक करून पाहिले. 'चौदहवीं का चाँद', 'मेरे महबूब', 'पाकीजा'. कोणी काहीही म्हणो, मला ते आवडतात. त्यांत एक अदब आहे. आपल्या समाजाचं नाव घेतल्यावर बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रसन्नता यावी, असं ते चित्र आहे. पण ते घर आमचं नाही. त्या चिकाच्या पडद्यामागे, त्या झुंबराखाली शिलाई मशीन कुठे ठेवणार? तिथे कोणी भात लावत नाही, कोणी एसटीची वाट बघत नाही. तिथला मुसलमान कविता करतो, प्रेमात पडतो आणि मित्रासाठी त्याग करतो. आमच्या दादीने या सिनेमांवर जीव लावला तो पाहुण्याच्या सुंदर घरावर लावावा तसा.

घर दाखवलं ते एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'ने. १९७३ सालचा सिनेमा. आग्र्याच्या सलीम मिर्झांचा चपला-बुटांचा कारखाना, बँक कर्ज देत नाही, भाड्याने घर मिळत नाही, एकेक नातलग कराचीला निघून जातो. बलराज साहनींनी हे काम केलं आणि डबिंग संपवून ते लगेचच वारले. त्यातली म्हातारी आई हवेली सोडायला तयार नसते, हे पाहताना मला दादी आठवली. ती भूमिका करणाऱ्या बदर बेगम आग्र्याच्याच एक साध्या वृद्ध बाई होत्या आणि त्यांना आवाज दिला दीना पाठक यांनी. चेहरा एकीचा, वाणी दुसरीची. तरी ती म्हातारी खरी वाटते, कारण ती दरबारात बोलल्यासारखी बोलत नाही. घरात बोलल्यासारखी बोलते.

मग आमच्या दख्खनीला सिनेमात जागाच नव्हती का? होती. हसण्यासाठी होती. 'गुमनाम'मध्ये (१९६५) मेहमूदने हैदराबादी बोलणारा बटलर रंगवला आणि सगळा देश हसला. 'शोले'त जगदीपने सूरमा भोपाली केला. तो पुढे इतका गाजला की १९८८ मध्ये त्या नावाचा वेगळा सिनेमाच निघाला. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू? पण एक बघा, नायकाची उर्दू शुद्ध, नोकराची दख्खनी. खलनायकाची तर तिसरीच, कुठल्याच गावात न बोलली जाणारी. प्रेक्षागृहात बसलेल्या आमच्यासारख्या पोरांनी यातून काय शिकायचं ते शिकलं. आपण घरी बोलतो ती भाषा लोकांसमोर बोलायची नसते.

१९९० नंतरच्या सिनेमांत आणखी एक मुसलमान आला. तो बोलतो चांगलं, पण सतत खुलासा करतो. 'सरफरोश'मधला (१९९९) इन्स्पेक्टर सलीम, 'चक दे इंडिया'मधला (२००७) कबीर खान, 'मुल्क'मधले (२०१८) मुराद अली मोहम्मद. हे सगळे सिनेमे चांगल्या हेतूने काढलेले आहेत. 'मुल्क'मध्ये ऋषी कपूर कोर्टात उभे राहतात तेव्हा माझ्याही घशात आवंढा आला. याच ऋषी कपूरने १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'त अकबर कव्वाल केला होता. त्या अकबराला कोणाला काही सिद्ध करून दाखवावं लागलं नव्हतं. तो गात होता, भांडत होता, प्रेम करत होता. एकाच नटाच्या दोन भूमिकांत एकेचाळीस वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात काय काय घडलं हे सांगायला मी इतिहासाची शिक्षिका असण्याची गरज नाही.

हिंदीचं हे असं. मराठीचं काय?

लॉकडाऊनमध्ये घरी अडकले होते तेव्हा मी 'शेजारी' पाहिला. प्रभातचा, १९४१ चा. प्रभातचा स्टुडिओ म्हणजे आजची पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, कथा विश्राम बेडेकरांची. जिवबा आणि मिर्झा हे दोन शेजारी. गावात धरण बांधायला कंपनी येते, तिच्या माणसाच्या कारस्थानाने दोघांत फूट पडते आणि शेवटी धरण फुटताना दोघं एकमेकांच्या सोबतीने मरतात. भाटघरच्या पाण्याजवळ वाढलेल्या माणसाला हा सिनेमा निराळाच भिडतो. मराठीत जिवबा केशवराव दाते यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदी 'पडोसी'त तर शांतारामबापूंनी हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांना दिली आणि मिर्झा जागीरदारांनाच ठेवलं. फाळणीआधी सहा वर्षं पुण्यात बसून कोणीतरी हा विचार केला होता, याचा मला अभिमान वाटतो.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९६१ मध्ये 'प्रपंच' आला. त्यात पोराबाळांच्या ओझ्याखाली वाकलेला गरीब कुंभार उभा केला शाहीर अमर शेख यांनी. बार्शीकडच्या या माणसाचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्याच्या आवाजाने मैदानं भरली, त्याला मराठी कुंभार होताना कोणी विचारलं नसेल, की तुला ही भाषा कशी येते?

पुढे बराच काळ मराठी सिनेमातला मुसलमान एखाद्या प्रसंगापुरता चाचा होऊन यायचा आणि जायचा. अपवाद वाटावेत असे काही सिनेमे अलीकडच्या वीस वर्षांत आले. २००५ चा 'इकबाल' हिंदी असला तरी त्यातलं खेडं आपलं वाटतं. बाप यतीन कार्येकर, आई प्रतीक्षा लोणकर, बहीण खदीजा. शेतकऱ्याचं मुसलमान घर, आणि त्याबद्दल एक शब्दाचाही खुलासा नाही. श्रेयस तळपदेचा इकबाल मला पडद्यावरचा सगळ्यात आपला मुलगा वाटतो. फक्त एक गोष्ट नंतर ध्यानात आली आणि मी स्वतःशीच हसले. इकबाल मुका आहे! सगळ्यात खरा गावाकडचा मुसलमान सापडला, तर त्याला बोलता येत नव्हतं.

'टिंग्या' (२००८) आमच्याच पुणे जिल्ह्यातला, जुन्नरकडचा. बैलावर जीव लावणारा टिंग्या आणि शेजारची आजारी रशिदा. माणसाला दवाखान्यात नेतात तर माझ्या बैलाला खाटकाकडे का, हा त्या पोराचा प्रश्न आहे. रशिदाचं घर आणि टिंग्याचं घर यांच्यात सिनेमा कुठेही भिंत काढत नाही. मग २०१६ मध्ये 'सैराट' आला. आर्ची-परश्यावर इतकं लिहून झालं आहे, मी सल्याबद्दल बोलते. सलीम शेख. टोपी नाही, सुरमा नाही, 'या अल्ला' नाही. करमाळ्याकडचं पोरगं करमाळ्याची मराठी बोलतं आणि मित्रासाठी मार खातं. अरबाज शेखने ते काम केलं. मी तो सिनेमा भावासोबत पाहिला. एरवी सिनेमात कंटाळणारा भाऊ मध्येच म्हणाला, "हा आपल्यासारखा आहे." तीन तासांत तेवढंच बोलला.

शिवाजी लोटन पाटलांचा 'हलाल' (२०१७) राजन खान यांच्या कथेवरचा. माझ्या फूफीने तलाक सोसला आहे, म्हणून तो विषय खोटा किंवा आणलेला आहे असं मी कधीच म्हणणार नाही. हिंदीत 'निकाह'ने (१९८२) तो आधी मांडला होता. त्यात नायिका शेवटी दोन्ही नवऱ्यांना जाब विचारते, तो प्रसंग फूफी पाठ म्हणायची. आपल्या घरातल्या बायकांचं दुखणं पडद्यावर यायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच, की मराठी सिनेमाने मुसलमान बाईच्या घरात शिरायचं तर तलाकच्याच दारातून का शिरावं? ती सकाळी सहाच्या एसटीने शाळेत जाते, बचत गटाचा हप्ता भरते, पोराच्या दहावीची काळजी करते. हे दार कोणी वाजवतच नाही.

टीव्हीने तरी दुसरं काय केलं? मी लहान असताना दूरदर्शनवर 'अलिफ लैला' लागायचं आणि आळीतली सगळी पोरं, हिंदू-मुसलमान, आमच्या घरी गोळा व्हायची. 'महाभारत' मी फार उशिरा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुनःप्रक्षेपण झालं तेव्हा सलग पाहिलं. त्याचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. अलीगढच्या विद्यापीठात उर्दू शिकवलेला हा माणूस. 'पिताश्री', 'माताश्री' ही संबोधनं त्यांनी 'अब्बाजान', 'अम्मीजान' यांच्या धर्तीवर घडवली, असं सांगतात. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. 'आधा गाव' या कादंबरीत त्यांनी आपल्या गंगौलीच्या मुसलमानांना त्यांच्या भोजपुरी उर्दूतच बोलू दिलं, शिव्यांसकट. सबंध देशाला संस्कृतप्रचुर हिंदी ऐकवण्याची ताकद असलेल्या लेखकाला, आपलं गाव मात्र गावच्याच बोलीत बोललं पाहिजे हे ठाऊक होतं.

खासगी वाहिन्यांवर 'कुबूल है' (२०१२) सारख्या मालिका आल्या, पण त्या पुन्हा हवेलीतल्या. जरीचे शरारे घालून बायका स्वयंपाकघरात वावरतात. २०१४ मध्ये एका वाहिनीने पाकिस्तानी मालिका दाखवायला सुरुवात केली तेव्हा 'जिंदगी गुलजार है'ने आम्हा शिक्षिकांना वेड लावलं होतं. शाळेत शिकवून तीन मुली एकटीने वाढवणारी त्यातली आई आमच्यापैकी प्रत्येकीला ओळखीची वाटली. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या मालिका बंद झाल्या. मला खंत वेगळीच वाटली. शाळामास्तरणीचं घर बघण्यासाठी आपल्याला परदेशी मालिका का लागावी? ती मास्तरीण भोरला आहे, मालेगावला आहे, मिरजेला आहे.

आता जरा अवघड बोलते.

२०२५ च्या फेब्रुवारीत, १४ तारखेला 'छावा' लागला. छत्रपती संभाजीराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदरावर. कापूरहोळवरून नारायणपूरला जाताना तो किल्ला समोर दिसतो. राजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे आमच्या कापूरहोळचीच. तेव्हा हा सिनेमा बघायला मला कोणाची परवानगी नको होती. भावाला म्हटलं, चल. तो म्हणाला, "तू जा. मी नाही येत." कारण विचारलं नाही. मला माहीत होतं.

त्या स्नेहसंमेलनानंतर गावातल्या पोरांनी भावाला 'खान' म्हणायला सुरुवात केली होती. आधी कौतुकाने, मग सवयीने. क्रिकेटमध्ये झेल सुटला की 'खानाचा कोथळा काढा' असं कोणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. त्याने कधी तक्रार केली नाही, कधी मारामारी केली नाही. त्याने एकच केलं. नववी-दहावीच्या सुमारास घरातली आमची बोली बोलायचं सोडलं. अम्मी विचारते, "खाना खाया क्या रे?" तो उत्तर देतो, "जेवलो." वर्षानुवर्षं असंच चाललं आहे. अम्मी एका भाषेत, तो दुसऱ्या. कोणी पाहुणा आला तर त्याला वाटावं, हे दोघं वेगवेगळ्या घरांतले आहेत. मराठी ही आमचीच भाषा आहे, हा लेख मी मराठीतच लिहिते आहे. पण आवडीने बोललेली मराठी वेगळी आणि लपण्यासाठी पांघरलेली मराठी वेगळी.

'छावा' मी मराठी शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाहिला. शेवट बघताना सगळ्यांसारखी मीही रडले. दिवे लागले आणि घोषणा सुरू झाल्या. घोषणा महाराजांच्या होत्या, त्यांत वावगं काही नव्हतं. तरी माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. ती नीट करायला, की डोक्यावरून खाली घ्यायला, हे माझं मलाच कळलं नाही. मैत्रिणीने तो हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेर तिने चहा सांगितला. त्या विषयावर आम्ही दोघी काही बोललो नाही, अजूनही बोललेलो नाही.

त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला. तो कधी आला आणि कधी गेला हे बऱ्याच जणांना समजलंही नाही. मालेगावच्या शेख नासिरने २००० च्या सुमारास आपल्या मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला होता. घोडे नव्हते म्हणून डाकू सायकलींवर, आगगाडी नव्हती म्हणून बस. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. तो बनत असतानाची हकीकत फैजा अहमद खान यांनी २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली. त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावरचा किडकिडीत कामगार. पुढे तो कर्करोगाने गेला. या पोरांनी मुंबईकडे आपली भूमिका मागितली नाही. कॅमेरा उचलला आणि मालेगाव मालेगावच्या तोंडाने बोललं. हैदराबादकरांनीही त्याच दशकात 'द अंग्रेज' काढून आपली दख्खनी नायकाच्या तोंडी दिली होती. लोक तेव्हाही हसले, पण ते हसणं ओळख पटल्याचं होतं.

हा माहितीपट मी गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला दाखवला. पोरं खूश झाली आणि त्यांनी मोबाईलवर आपला सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट त्यांचीच. एका मुलीचा बसचा पास हरवतो, एवढीच. आठ दिवसांनी वहीत लिहून आणली. मी वाचली. मुलीचं नाव सिमरन, भावाचं राहुल, कंडक्टर मिस्टर डिसूझा.

मी विचारलं, "ही नावं कोणाची आहेत?"

एकजण म्हणाला, "टीचर, पिक्चर में ऐसेच नाम रहते."

आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "'ऐसेच' नहीं, 'ऐसे ही'. 'रहते' नहीं, 'होते हैं'."

मुलगा गप्प बसला. मीही गप्प झाले. दहा-बारा वर्षं मी हेच करत आले होते. 'मेरेकू' खोडायचं, 'मुझे' लिहायचं. प्रमाण उर्दू शिकवणं हे माझं काम आहे, ते मी सोडणार नाही. परीक्षेत मुलांना तीच लागते, मीर आणि गालिब वाचायला तीच लागते. पण शुद्ध भाषा शिकवता शिकवता घरची भाषा लाजिरवाणी आहे हेही मी शिकवत होते. सिनेमावाल्यांनी आमची बोली नोकराला दिली, हे म्हणायला मला कोणता अधिकार होता? मी ती लाल शाईने खोडत होते. आणि त्याआधी दोन रात्री जागून सख्ख्या भावाला उसना खान शिकवला होता.

मी वही परत दिली आणि म्हटलं, "नावं तुमची ठेवा. आणि जसं घरी बोलता तसं बोला."

वर्गात हशा पिकला. त्यांना ती थट्टाच वाटली. तीनदा सांगावं लागलं तेव्हा खरं वाटलं.

सिनेमा सहा मिनिटांचा झाला. हलतो, मध्येच अंधारतो, रिक्षाच्या आवाजात दोन वाक्यं ऐकूच येत नाहीत. सिमरनची तस्लीम झाली. कंडक्टर काकांचं नाव कांबळे ठेवलं, ते मराठी बोलतात. तस्लीमची आई तिला ओरडते ते आमच्या अम्मीसारखं.

रविवारी किकवीला गेले तेव्हा ओसरीवर बसून मी तो मोबाईलवर लावला. भाऊ चप्पल घालून बाहेर निघाला होता, तो तसाच उभा राहून बघू लागला. आत अम्मी भाकरी थापत होती. मोबाईलमधल्या आईचा आवाज तिने ऐकला आणि हात थांबवून आतूनच विचारलं, "कौन आया गे? चाय का पानी रखूं क्या?"

मी उत्तर द्यायच्या आत भाऊ बोलला, "कोई नै अम्मी, पिक्चर है."

मग पायरी उतरताना मला म्हणाला, "संध्याकाळी मला पाठव तो." आणि गेला.